उणे पंधरापर्यंत ऊबदार

३ डिसेंबर
झोपायचा पगार मिळणार हे ऐकून ताई पोट धरून हसली. म्हणाली, तुझ्या जन्माचं सार्थक झालं! काम खरंच सोपं आहे. स्लीपिंग बॅगच्या कारखान्यात सकाळी नऊला कोल्ड रूममध्ये जायचं, नव्या नमुन्याच्या बॅगेत शिरायचं, चेन गळ्यापर्यंत ओढायची. साहेब काचेपलीकडून तापमान उतरवत जातात. थंडी सोसेनाशी झाली की घंटा दाबायची. तोच आकडा बॅगेच्या लेबलावर जातो. आत पडल्या पडल्या ही वही लिहायची, तीही पेन्सिलीने, कारण पेनातली शाई गोठते.

५ डिसेंबर
उणे दोनलाच दातांवर दात वाजायला लागले. साहेबांनी तोंड वाकडं केलं. माझ्या आधीचा माणूस म्हणे याच नमुन्यात उणे पंधरापर्यंत घोरायचा. तो कुठे गेला, विचारलं. सोडून गेला, म्हणाले. लेबलं शिवणाऱ्या काकूंनी मान वर केली नाही. महिनाअखेरपर्यंत मी कच्चाच आहे, आणि असे आकडे दिले तर घरचा रस्ता.

८ डिसेंबर
आज उणे पंधरा! शिरलो तेव्हाच बॅग आतून गरम होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. मग पाठीला पाठ लागली. रुंद, उबदार पाठ. बॅगेत तर एकाचीच जागा. त्याच क्षणी घंटा दाबायला हवी होती. पण बरं वाटत होतं, आणि साहेब पहिल्यांदाच खूश दिसत होते. आकडा लिहिला, खाली सही ठोकली.

११ डिसेंबर
काकूंनी बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या आधीचा तो सोडून गेला नव्हता. त्याला बाहेर काढताना चेन कापावी लागली होती. तसाच साहेबांकडे गेलो. ही ऊब बॅगेची नाही, लेबल बदला, म्हणालो. ते म्हणाले, माल दुकानांत गेला, आणि सही कुणाची आहे? वर नोकरी पक्की केली. मी मूग गिळून बसलो. स्वतःची किळस येते.

१४ डिसेंबर
ताईचा फोन आला. भावोजींबरोबर बर्फात तंबू टाकून राहायला निघाली आहे. तिकडे उणे बारा. दुकानात पन्नास बॅगा, कुठली पुरेल कळेना, म्हणून आमचीच घेतली. माझ्या भावाने स्वतः झोपून पाहिलीय, असं दुकानदाराला ऐटीत सांगितलं म्हणे. मी खोटं लिहिलंय, हे सांगायला जीभ रेटेना. आणखी एक पांघरूण घे, एवढंच म्हणालो. तिने मला वेड्यात काढलं.

१५ डिसेंबर
फोन लागत नाही. आता सगळं सांगेन तिला. लागत नाही.

१६ डिसेंबर
भावोजींचा फोन आला. म्हणाले, उठवायला गेलो तर— त्यांच्याकडे जुनी जाड बॅग होती. नवी त्यांनी हौसेने तिला दिली.

१७ डिसेंबर
आज खरा आकडा देणार. काही झालं तरी उणे दोनला घंटा दाबणार, साहेबांसमोर.

आत आहे. पाठीशी तो आहेच, गरम.

पण पुढूनही कुणीतरी— थंड. गुडघे माझ्या पोटाला—

ताई.

सरक ना रे, म्हणते.

उणे दोन. घंटा हाताशी आहे. दाबू कुठल्या तोंडाने?

उणे नऊ. त्याची पाठ गेली. मागे आता कुणीच—

पंधरापर्यंत थांब, म्हणते. तूच लिहिलंयस.

उणे तेरा. बोटं ना—

उणे चौ