तिसऱ्या रविवारची हरकत

पाळकसाहेब,

तुमच्या लग्नगीताचं दुसरं कडवं चालू होतं आणि मी नवरीच्या भावाच्या तोंडावर झांज हाणली, तिथून सगळं बदललं. त्याचा ओठ फाटला, रक्त वेदीपुढच्या सतरंजीवर पडलं, आणि मागची माणसं तरी गातच राहिली. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचतात, हरकत विचारतात. नव्या पाळकांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी झांजा घेऊन उभा राहिलो. "माझी हाय." मला गप्प करायला त्यांनी गाणं सुरू केलं. भावानं गचांडी धरली. "कालेज सोडून झांजा बडवतोस, तुला कोन इचारतंय? बस खाली." नंतर आवारात लोळवून तुडवलं मला. डावा डोळा अजून उघडत नाही.

झांज धरायला तुम्हीच शिकवलंत, तुमच्या स्वयंपाकघरात. "आपटू नको रे, हात सैल सोड." तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी तुम्ही नवरीला तिथंच चहाला बोलवायचात, एकटीला. "बाई, तुझ्या मनात काय हाय?" एक जण नको म्हणाली, त्या दोघांची नावं तुम्ही तिसऱ्यांदा वाचलीच नाहीत. संध्याकाळी तिचे चुलते लाथेनं दार उघडतात. मी कोठीमागे आहे. एक जण तुमचा उजवा हात पाट्यावर दाबून धरतो, दुसरा वरवंटा उचलतो. हाड मोडल्याचा आवाज ऐकलाय मी. तुम्ही ओरडत नाही, एवढंच म्हणता, "ती न्हाई म्हनली." तो हात पुन्हा सरळ झाला नाही. पाळकीणबाई पेटीचा भाता मारायच्या, तुम्ही डाव्या हातानं सूर शोधायचात. म्हणून तुमच्या लग्नगीताची चाल इतकी साधी. आज संगमनेरपासून बेलापूरपर्यंत आपल्या प्रत्येक लग्नात ते वाजतं. नवरीला चहाला मात्र कुणी बोलवत नाही.

मघाशी मित्र सांगून गेला, "टेम्पो भरून येत्यात ते. कोल्हारला मामाकडं पळ." मी मांडीवर कोयता घेऊन बसलो आणि हे लिहायला घेतलं. तुमच्या कबरीवर ठेवणार होतो, आता नाही ठेवत. कारण एक लिहायचं टाळत आलोय. मीही तिला विचारलेलं नाही, साहेब. क्वायरच्या सरावाला ती माझ्याकडं बघून हसायची, तेवढ्यावर मी उभा राहिलो.

कोयता खाटेखाली सरकवलाय. वाटेत ते भेटतीलच, मारतील. तिच्या दारापर्यंत पोचलो तर विचारीन. नको म्हणाली तर नको. निघतो, दार ओढून घेतो.