पलंगासमोरची

संत मार्टिनचा दिवस, नोव्हेंबर
देवाच्या कृपेने व्हेनिसला सासरी सुखरूप पोचले. घर कालव्यावर, उजेड भरपूर; मेणबत्त्या वाचतील. मोलकरीण मेनेगा तोंडाळ, पण हाताची स्वच्छ. आमच्या पलंगासमोर मात्र एक भलंमोठं तैलचित्र आहे. पांढऱ्या चादरीवर आडवी पडलेली बाई, अंगावर सूत नाही. मी मान खाली घातली, तशा सासूबाई हसल्या. म्हणाल्या, लाजायला ती काय तुझी सवत आहे? लग्नासाठी मुद्दाम करून घेतलंय. पोटुशी बाई जिच्याकडे बघते, तिचं रूप मुलाला येतं. रोज बघत जा.

मेणबत्त्यांचा सण, फेब्रुवारी
दिवस राहिले. हे फार खुशीत आहेत. सासूबाईंचा शब्द म्हणून जपमाळ हातात घेऊन बघते. पातळ रंगाचे थर एकावर एक दिलेत, त्यामुळे कातडी खरीच ऊबदार वाटते. मेनेगा सांगत होती, चित्रासाठी चिताऱ्यापुढे आडवी पडणारी ही बाई उन्हाळ्यातच वारली. मूल मूल करत गेली बिचारी. मी तिच्यासाठीही प्रार्थना केली.

देवदूताने मारियेला निरोप दिला तो दिवस, मार्च
आज मूल पहिल्यांदा हललं. मी चित्राकडे बघत होते. तीही बघत होती, पण माझ्या तोंडाकडे नाही. पोटाकडे. मेनेगा केर काढताना हसून म्हणाली, बाईसाहेब, ही तुमच्याआधी बाळंत होणार बघा. नीट पाहिलं. तिचं पोट वर आलंय.

ईस्टर, एप्रिल
चित्रावर चादर टाकली होती. सासूबाईंनी ओढून काढली. म्हणाल्या, न बघता काय माकड जन्माला घालणार आहेस? माझं पोट सपाट होत चाललंय. सुईणीने हात लावून पाहिला आणि छातीवर क्रूस केला. मूल हलत नाही — चित्रातल्या तिच्या पोटावरचा रंग हलतो. हे मारिये, माझं मला दे.

संत मार्कचा दिवस, एप्रिलअखेर
सकाळी जाग आली, चौकटीत नुसती चुरगळलेली चादर. शेजारच्या खोलीत मूल रडतंय. सासूबाई म्हणताहेत, रूप अगदी आईवर —
उठता येत नाही. अंगावर काही नाही. चितारी रंगात कालवतात त्या अक्रोडाच्या तेलाचा वास. उशीखालची वही कशीबशी — बोटं सुकत चाललीत —
मेनेगा आली. मी हाक मारली. तिने धूळ पुसायचं फडकं घेतलं, आधी चौकट, मग माझा चेहरा पुसला, आणि