पात्यामागची पट्टी

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार
आज फळी उलटली! मामंजी गोल करवतीवर साग चिरत होते. चिरलेल्या फटीनं पातं आवळलं, अन् फळी मागं सुटली ती थेट त्यांच्या बरगडीत. मलकापूरला नेऊन एक्स-रे काढला. हाड शाबूत. "काय न्हाई झालं, लय नाटकं करू नगंस." हे वर मलाच! अजून चार बोटं वर लागली असती तर?

२० सप्टेंबर
मोडक्या करवतीतून पोलादी पट्टी कापली, घासली, पात्यामागं उभी बसवली. आता फट मिटत नाही, पातं मोकळं फिरतं. अक्कल माझी नव्हे — आयटीआयच्या सरांनी जुन्या करवतींची चित्रं दाखवलेली, शंभर वर्षांमागच्या टेबलांनाही ही पट्टी होती. मामंजींनी हे टेबल पंचाण्णव साली विहिरीच्या मोटारीला बेल्ट लावून स्वतः बनवलं. सगळं जमवलं, नेमकी हीच राहिली. मी तसं म्हणाले तर मामंजी भडकले. "तीस वर्सं बिनपट्टीचं चाललं. आता सून शिकवणार!"

२२ सप्टेंबर
मामंजींनी काढली.

२३ सप्टेंबर
बसवली.

२४ सप्टेंबर
परत काढली! भुशात सापडली. वीरधवलला फोन लावला. नवरा सीमेवर पहारा देतोय, अन् म्हणतो, "आबांना तूच समजाव." वा रे जवान!

२७ सप्टेंबर
मामंजी उठताना भिंत धरतात. बरगडी शेकून दिली. राग येतो, अन् भीतीही वाटते. सून रंधा मारते म्हणून गाव हसलं, तेव्हा हेच एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले. यांना काही झालं तर मी काय करू?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारं धुऊन दिली. पट्टी सापडेना! सगळा भुसा उपसला. चिडून आत आले तर — पूजेत, आजेसासऱ्यांच्या लाकूड तासायच्या वाकसाशेजारी माझी पट्टी. हळदकुंकू, वर झेंडू. मामंजी समईची वात सारत होते. मला रडूच आलं.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं दिलं, पाया पडले. उद्यापासून पट्टी जागेवर!

३ ऑक्टोबर
कसलं काय! करवत सुरू, पात्यामागं काही नाही. पट्टी देव्हाऱ्यात. "पूजलेली वस्तू हाय, लाकडात कशी घालायची?" अन् वाकस? तो नव्हता पूजलेला? त्यानं तर आजही लाकूड तासलंत! "तुजं आपलं कायतरीच." डोकं आपटावंसं वाटतंय.

४ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी मामंजींनी खटका दाबला. मोटार फिरते, पातं जागचं हलत नाही.
"अंकिता, बेल्ट कुठं हाय गं?"
"देव्हाऱ्यात. कुंकू लावलंय, मामंजी."
आत गेले. बेल्ट अन् पट्टी, दोन्ही घेऊन आले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पाना दे."