मुकादमाच्या मरणाबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या मागच्या खोलीत बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, ते बरं केलं.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या धाकट्या भावाला मिळावी. त्याला आता व्यवहार कळत नाही, म्हणून सगळं त्याच्या मुलीने पाहावं.

२. शिवणयंत्र आणि मोठी कात्री माझ्या हाताखाली शिकलेल्या बाईला. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, मी मेले तरी नाही.

३. चुलतभावाला काहीही नाही. माझ्या भावाच्या लग्नात तो नवरीला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वहिनी, सांभाळा हं, याला डोळे असून दिसत नाही." सगळे हसले. मीही हसले. म्हणून पुढचं कलम लिहिणं भाग आहे.

४. आमच्या शेतावर मुकादम नावाचा कुत्रा होता. पिवळट, एक कान पडलेला. सगळ्यांच्या कामावर देखरेख करत फिरायचा, म्हणून वडिलांनी ते नाव ठेवलं. शाळेत जाताना तो आम्हाला वळणापर्यंत सोडायचा. संध्याकाळी माझ्या पायांवर हनुवटी टेकून झोपायचा. ओल्या पोत्याचा वास यायचा त्याला. माझा फार जीव होता त्याच्यावर. वडिलांनी त्याला शिकवलं होतं, की समोर वस्तू ठेवून 'सांभाळ' म्हटलं, की ज्याने ठेवली त्यानेच उचलेपर्यंत हलायचं नाही. भुंकायचंही नाही, कारण गुरं बुजायची.

मी बारा वर्षांची होते, भाऊ नऊ. गहू कापून झाला होता आणि उरलेलं काड वडील जाळणार होते. आगीआधी शेताला फेरी मारून "मोकळं आहे" असं ओरडायचं काम भावाचं. त्या दुपारी शेताच्या मधोमध, काडाच्या ढिगाआड मी माझा स्वेटर ठेवला, मुकादमाला 'सांभाळ' म्हटलं आणि पाणी प्यायला घरी गेले. घरी मावशी आली होती. तिने आणलेल्या रिबिनी बघत बसले आणि विसरले.

भावाने फेरी मारली, मुकादमाला हाकाही मारल्या. तो आला नाही. कसा येईल? भाऊ ओरडला, "मोकळं आहे!"

वडिलांनी त्याला मारलं नाही. इतकंच म्हणाले, "तुला दोन डोळे दिलेत ते कशाला?" त्यानंतर त्यांनी त्याला कधीही कसलंही काम सांगितलं नाही. आईने स्वेटरचं विचारलं, तेव्हा शाळेत हरवला असं मी सांगून टाकलं.

पुढे भाऊ एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाला. प्रत्येक गाडीखाली तीन-तीनदा वाकून बघायचा. गाड्यांची रांग लागायची, म्हणून त्याला काढून टाकलं. मी तेव्हाही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

५. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे जाऊन सगळं कबूल केलं. तो हल्ली बायकोचा फोटोही ओळखत नाही, पण हे त्याने नीट ऐकून घेतलं. मग माझा हात थोपटत म्हणाला, "ताई, तू उगाच माझ्यासाठी खोटं बोलतेस. मीच नीट बघितलं नाही गं." मी शपथ घेतली. तो रडायला लागला. म्हणाला, "बाबा अजून रागावलेत का माझ्यावर?"

तेव्हा उशीर झाला म्हणजे किती झाला, ते मला कळलं.

सबब, माझ्यामागे कलम चार त्याला वाचून दाखवू नये. पटणार नाही, नुसता रडेल. भाचीने रोज एकदा त्याला सांगावं, की बाबा रागावलेले नाहीत. हे खोटं आहे. ते मरेपर्यंत रागावलेले होते, आणि चुकीच्या मुलावर.

लिहून देणार : थोरली बहीण (सही)
साक्षीदार : १. खालच्या दुकानातला न्हावी (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण : मागची खोली
दिनांक : ४ मार्च, मंगळवार