पिवळ्या कागदावरची चिठ्ठी

रविवार, ४ मार्च

शोभा झाली! उपासनेनंतर पाळकसाहेबांनी पेटी फिरवली. त्यांची नवी टूम — प्रत्येकाने आपलं दुखणं बिननावाने चिठ्ठीवर लिहायचं, पेटीत टाकायचं, दुसऱ्याची चिठ्ठी उचलायची. मग आठवडाभर रोज सकाळी ती वाचून दहा मिनिटं त्या माणसासाठी शांत बसून प्रार्थना. कोणाची ते शोधायचं नाही.

मी माझी टाकली नाही. कशाला टाकू? मनाच्या आजारापायी तीन आठवडे हॉस्पिटलात, चार महिने घरी, शाळेतून बिनपगारी रजा — सगळ्या मंडळीला पाठ आहे. उचलली मात्र एक. घरी येऊन उघडली. सगळी अक्षरं सुटी सुटी, कोरल्यासारखी —

"एका माणसाची हिंमत संपत आली आहे. दिवसभर हसावं लागतं. आत काही उरलेलं नाही. धीर मिळावा."

कागद पिवळा. पाठीमागे दोन रकाने, उजवा आणि डावा. नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानातलं पॅड! गिऱ्हाइकांचे नंबर तो यावरच लिहून घेतो. अक्षर बदललंस रे, कागद बदलायला विसरलास.

मला पेटीत टाकलं याने. साठ चिठ्ठ्यांत नेमकी माझ्याच हाताला लागली म्हणून, नाहीतर दुसऱ्या कोणी वाचली असती!

सोमवार, ५ मार्च

त्याने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? नाही वाटत. संपलं.

दहा मिनिटं खिडकीपाशी खुर्चीत बसले. श्वास आत घेताना 'प्रभू', सोडताना 'धीर दे'. हॉस्पिटलातल्या सिस्टरने शिकवलेलं. तेव्हा बरं वाटायचं. आज घोट्याला खाज, फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबल सरकवतंय. घड्याळ बघितलं तर तीन मिनिटं! आणि प्रार्थना तरी कोणासाठी? स्वतःसाठीच. नवऱ्याच्या सांगण्यावरून.

मंगळवार, ६ मार्च

पाच मिनिटं. चार राग, एक प्रभू.

बुधवार, ७ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जायचा दिवस. मी आत, तो बाहेर बाकावर — दर वेळेसारखा. दारातून त्याचा आवाज ऐकू येत होता. नंबर लावणाऱ्या मुलीला दुकानातली गंमत सांगत होता. एका आजोबांच्या चष्म्यात त्याने उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवली. आजोबा जिना उतरताना रेलिंगला धरून धरून उतरले आणि परत येऊन खूप ओरडले. मुलगी हसली. तोही हसला. मला मात्र अंगाचा तिळपापड — मी आत रडतेय आणि हा बाहेर मैफल भरवतोय!

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, गोळ्या बंद करू का, प्रार्थना करतेच आहे. त्या म्हणाल्या, दोन्ही करा, एकासाठी दुसरं सोडायचं नाही. प्रार्थनेला बसल्यावर राग आला तर राग घेऊनच बसा म्हणाल्या. पाळकसाहेबांनीही अगदी हेच सांगितलं होतं. दोघांचं आधीच ठरलंय की काय!

गुरुवार, ८ मार्च

आठ मिनिटं बसले. राग घेऊन. एक गंमत झाली. चिठ्ठीतला माणूस म्हणजे मी, हे थोडा वेळ विसरले. कोणीतरी परका माणूस आहे, थकलाय, खुर्चीत मान खाली घालून बसलाय, असं डोळ्यांपुढे आलं. त्याची कीव आली. मग आठवलं, अरे, ही तर मीच. पुन्हा डोकं फिरलं.

ताईला फोन केला. ये म्हणाली, हवं तितके दिवस राहा. इथे माझा जीव घुसमटतोय. रविवारी उपासना झाली की निघायचं. परत कधी, ते बघू. कदाचित नाहीच.

शुक्रवार, ९ मार्च

बॅग भरली. त्याने पाहिली. स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळत बसला. घासलेलीच होती.

शनिवार, १० मार्च

शेवटची दहा मिनिटं. चिठ्ठी मांडीवर ठेवली. नियम आहे म्हणून एकदा परत वाचली, सावकाश.

दिवसभर हसावं लागतं.

मी?

मी कुठे हसते! पाच महिन्यांत हसल्याचं मला आठवत नाही. मी रडते, आदळआपट करते, दार लावून घेते. हिंमत संपल्याचं मी लपवलं कधी? साऱ्या जगाला ऐकवलं. या घरात हसतं कोण? सकाळी चहा देताना, दुकानात गिऱ्हाइकांशी, ताईशी फोनवर, दवाखान्याच्या बाकावर — कोण?

ती काच. वीस वर्षांत त्याने उजवी-डावी कधी उलट बसवली नव्हती. डोळे मिटूनसुद्धा त्याला कळायचं. आणि अक्षर — माझ्यापासूनच लपवायला कोरून कोरून काढलं असणार. मी आठवडाभर रोज ते वाचलं आणि त्यात फक्त मला शोधलं! दुखणं काय माझ्याच एकटीच्या मालकीचं आहे? लाज वाटली, खूप.

उठले नाही. दहाची वीस मिनिटं झाली. प्रभू, त्याला धीर दे. या वेळी खाज आली नाही, की आली आणि कळली नाही, माहीत नाही.

रविवार, ११ मार्च

ताईला कळवलं, येत नाही. चर्चच्या पायरीवर चिठ्ठी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "आठवडाभर याच्यासाठी बसले होते. मला माहीत नव्हतं."

तो हसला नाही. पायरीवरच बसला.

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. आत तो जाणार. बाहेर बाकावर मी.