जात्यावरचा दिवा

निपाणी, मार्गशीर्ष, सन १९४३

तीर्थस्वरूप तम्मण्णा यांस,

नागोजीचा साष्टांग नमस्कार. आपली कंबर आता बरी असेल व ऊसतोड सुरू झाली असेल. इकडे मी खुशाल आहे. (‘खुशाल’ जरा अधिक झाले, पण थोरांना खाडाखोडीचे पत्र पाठवू नये.) माझ्यावर रागावून इंदू संकेश्वरास आपल्याकडे आली आहे. बहिणीने भावाला तिची बाजू सांगितली असेलच. ती परत यावी म्हणून मी लिहीत नाही. काय झाले ते नीट कळावे, एवढाच हेतू.

लढाईमुळे रॉकेल मिळेना, टॉर्चचे सेल तर दिसतही नाहीत. इंदू पहाटे अंधारात दळते. तिच्या हाताची एवढी ताकद रोज फुकट जाते, हे मी कॉलेजात शास्त्र शिकलेला असल्याने मला बघवेना. (ताकदीचे पीठ होते, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.) सायकलचा डायनामो काढून जात्याच्या फिरत्या दगडाला टेकवला, तार ओढून सायकलचाच दिवा माझ्या डोक्यावर खुंटीला टांगला. इंदूने जाते ओढले आणि दिवा लागला! मी खाली वर्तमानपत्र उघडले. शेजारच्या गुणाबाई बघायला आल्या व म्हणाल्या, “हात तिचा न् उजेड तुमचा व्हय मास्तर? लई बेस की!” मी ती स्तुती समजलो.

आता अवघड भाग. दळताना इंदू ओव्या गाते. रामाच्या ओवीला दिवा लख्ख, म्हशीच्या ओवीलाही ठीक. पण ओवीत आपण आलात की तिचा हात संथ होतो आणि दिवा मिणमिणतो. (दोष आपला नव्हे, माहेर आठवत असावे.) आणि आपण यायचे ते नेमके मी लढाईची बातमी वाचत असताना. पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले, मगच केवळ शास्त्र म्हणून सुचवले, की भावाच्या ओव्या वगळल्या तर?

जाते थांबले. अर्थात दिवाही गेला. अंधारातून आवाज आला, “भावाला वगळून दळू? मग तुमीच दळा, न् तुमीच वाचा!” सकाळच्या मोटारीने ती निघाली.

मी दळून पाहिले. उजेड पडतो, पण दोन्ही हात जात्याला. पेपर धरावा कशाने? शिवाय पिठाऐवजी भरडा निघतो. त्याची भाकरी गुणाबाईंनी उलटसुलट पाहिली आणि म्हशीपुढे टाकली.

आपला कृपाभिलाषी,
नागोजी

ता. क. – शनिवारी संकेश्वरची मोटार येते तेव्हा मी स्टँडवर असतो. सहज.

ता. क. – दिवा आता तिच्या बाजूला टांगला आहे. तिला सांगा. मी सांगितले असे सांगू नका.

ता. क. – एक राहिले. ती दळत होती तेव्हा त्या उजेडात बसून प्रथमच सगळ्या ओव्या ऐकल्या. राम आहे, आपण आहात, म्हैस आहे. मी कुठेच नाही. एखादी आहे का, एवढे विचाराल? नसल्यास ती जुळवील का? कितीही संथ असू दे. मिणमिणत्या उजेडाची माझी तयारी आहे.