बाबांच्या कॅसेटचा आवाज

३ मार्च, सकाळी
आईला येत्या वीस तारखेला ऐंशी पूर्ण होतात. भेट काय द्यायची, असं ताईने फोनवर विचारलं. म्हटलं, बाबांचा आवाज. ताई रडायलाच लागली. बाबा रिटायर झाले त्या दिवशी घरी लोकांसमोर बोलले होते. मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर मी ते शूट केलं होतं. आई तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होती, तिने भाषण ऐकलंच नाही. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता, म्हणून कॅसेट कपाटातच राहिली. बाबांना जाऊनही आता अकरा वर्षं झाली. काय बोलले होते बाबा! शब्द आठवत नाहीत, पण अंगावर काटा आला होता हे नक्की.

४ मार्च
फोटो स्टुडिओवाला म्हणाला, कॅसेट द्या, दोन दिवसांत कॉम्प्युटरची फाइल करून देतो. त्याला सांगितलं, शूटिंग माझं, फाइलही मीच करणार. वर अर्धा तास त्याला टेक्निकल बाजू समजावली. तो पुढच्या गिऱ्हाइकाचे फोटो कापत राहिला. पुरता गार झाला असावा.

८ मार्च, दुपारी ४
जुना व्हीसीआर मिळवला. तो कॉम्प्युटरला जोडायची डबीही आणली. माहितीपत्रक बाजूला ठेवलं, ते नवशिक्यांसाठी असतं.
४.४० : चित्र आलं! बाबा खुर्चीत, नवा शर्ट, ओठ हलतायत. आवाज नाही. कॅसेट जुनी आहे, आवाज उठायला वेळ लागत असेल.

९ मार्च
उठला नाही. स्पीकर बदलले, हेडफोन बदलला, कॉम्प्युटर चारदा बंद-चालू केला. व्हीसीआरवाल्याने फसवलं. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला यात पडू नकोस म्हणून सांगितलं.
संकल्प : उद्यापासून एकेक वस्तू शांतपणे तपासून वहीत नोंद करायची.

१० मार्च
वही सापडली नाही.

१२ मार्च, संध्याकाळी
फत्ते! सेटिंगमध्ये ‘मायक्रोफोन’ निवडला आणि आवाजाची हिरवी पट्टी नाचायला लागली. अख्खी चाळीस मिनिटं रेकॉर्ड केली. ऐकत बसलो नाही. पहिला मान ताईचा. फाइल लगेच धाडली.

१३ मार्च
ताईचा फोन. म्हणाली, फाइलमध्ये बाबा नाहीत, तू आहेस. कॉम्प्युटरच्या मायक्रोफोनने कॅसेट सोडून माझ्या खोलीतलं बोलणं उचललं. ओठ बाबांचे आणि शब्द माझे. मी बायकोला सांगतोय की ताईला यातलं ओ की ठो कळत नाही, नुसती रडायला पुढे. ताईला म्हटलं, त्याचा संदर्भ वेगळा होता. कोणता, असं तिने विचारलं. तेवढ्यात फोन कट झाला. म्हणजे मीच केला.
फार लाज वाटली. दुपारी घास गिळवेना. संध्याकाळी थोडा गिळवला.

१७ मार्च
आईने विचारलं, माझ्यासाठी काय करतोयस. म्हटलं, सरप्राइज. ती म्हणाली, त्यांचं काही असेल तर लवकर कर, हल्ली एका कानाने ऐकूच येत नाही.
तिच्याकडे बघवेना. पेपर वाचतोय असं दाखवलं.

१८ मार्च
व्हीसीआर त्या फसव्या माणसाच्या तोंडावर मारायला निघालो. बायको वायरी काढायला मागे वाकली आणि म्हणाली, लाल-पांढऱ्या वायरी ‘इन’च्या भोकांत आहेत, ‘आउट’ शेजारी आहे. म्हणजे दहा दिवस मी आवाज बाहेर काढायच्या भोकाऐवजी आत घालायच्या भोकाशी झटत होतो. तिने वायरी बदलल्या, सेटिंगमध्ये डबीचं नाव निवडलं. लगेच माणसांचा गलका ऐकू आला! मी झटकन स्पीकर बंद केला आणि तसंच अख्खी कॅसेट रेकॉर्ड केली. आईच्या आधी कुणी ऐकायचं नाही. बायको म्हणाली, एकदा ऐकून तरी घ्या. म्हटलं, शूटिंग माझं आहे, मी काय ऐकायचं?

२० मार्च
आई पुढच्या खुर्चीत बसली, चांगला कान टीव्हीकडे करून. ताई आली होती. माझ्याशी बोललीसुद्धा.
आवाज स्वच्छ आला. माझा. बाबा थांबा, लाइट नाही. बाबा डावीकडे सरका. हसा जरा. हात खाली घ्या. पुन्हा पहिल्यापासून. शेजारचे काका दोनदा म्हणतात, अरे बोलू दे त्यांना. त्यांनाही मी फ्रेममधून बाजूला करतो. बाबांचे ओठ हलत होते ते एवढ्यासाठीच : असा बसू का, इकडे बघू का. चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, आता बोलू का. मी म्हणतो, राहू द्या बाबा, कॅसेट संपली. मग निळा पडदा.
भाषण झालंच नव्हतं. इतकी वर्षं मी ते लोकांना सांगत होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ताई खिडकीबाहेर बघत होती, बायको जमिनीकडे.
आईने डोळे पुसले. म्हणाली, ते ‘बोलू का’ पुन्हा लाव.
लावलं. पुन्हा म्हणाली. असं पाच वेळा. पाचही वेळा बाबांचं वाक्य पुरतं संपायच्या आत मी बोललो.